ठकीची ओळ

शुक्रवारी दुपारी भेळ आली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्या नगरच्या ऑफिसात एक रीत आहे. नवीन व्हर्जन बाहेर पडायच्या आधी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, की खालच्या गाडीवरून भेळ मागवायची. गुरुवारी संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा चाळीसच्या वर टेस्ट लाल होत्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही लाल नव्हती. चाळीस चुका एका सकाळीत दुरुस्त होत नाहीत. मी भेळेचा कागद तसाच बाजूला ठेवला आणि सलीमच्या टेबलाशी गेले. सलीम आमचा डेव्हलपर. हुशार पोरगा, पण भयंकर घाईचा.

"एवढ्या टेस्ट पास कशा झाल्या रे?"

"रेकॉर्ड मारलं ताई."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ती का गेली हे कळायला आमचं काम थोडं सांगावं लागेल.

आमची कंपनी डेटाबेस सर्व्हर बनवते. माहिती साठवणारं आणि विचारल्यावर शोधून देणारं सॉफ्टवेअर. मी त्याच्या रिग्रेशन टेस्ट लिहिते आणि चालवते. म्हणजे काय, तर काल जे नीट चालत होतं ते आजच्या बदलामुळे बिघडलं नाही ना, हे रोज तपासायचं. प्रत्येक टेस्टच्या दोन फाइल असतात. एकीत सर्व्हरला विचारायचा प्रश्न, दुसरीत त्याचं बरोबर उत्तर. सर्व्हरचं उत्तर या दुसऱ्या फाइलशी जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल.

कधीकधी बरोबर उत्तरच बदलतं. या वेळी सर्व्हरच्या एका मेसेजचे शब्द आम्हीच बदलले होते, त्यामुळे बऱ्याच टेस्ट उगाच लाल झाल्या होत्या. अशा वेळी एक कमांड देता येते. सर्व्हर आत्ता जे उत्तर देतोय तेच यापुढे बरोबर धरा, असं ती सांगते. हेच ते रेकॉर्ड. पण ते देण्याआधी एकेक फाइल उघडून काय बदललंय ते वाचायचं असतं. न वाचता रेकॉर्ड मारणं म्हणजे मुलाने पेपरात जे लिहिलं त्याचीच नमुना उत्तरपत्रिका करून त्याला पैकीच्या पैकी मार्क देणं.

"वाचल्यास का सगळ्या?"

"पहिल्या सात-आठ वाचल्या. सगळीकडे तोच मेसेज. मग बाकीच्या एकदम मारल्या. एवढ्या फाइल एकेक करून कोण वाचणार ताई?"

"मी," म्हटलं आणि वाचायला बसले.

तीसेक फाइल सलीम म्हणाला तशाच होत्या. मग एक फाइल आली. तिच्यात मेसेजचा संबंधच नव्हता. उत्तरात पाच ओळी हव्या होत्या, आता चारच होत्या. जुन्या-नव्या उत्तरांच्या तुलनेत गेलेल्या ओळीआधी वजाचं चिन्ह होतं आणि पुढे नाव होतं ठकी.

ती टेस्ट मीच लिहिलेली. त्यातली गौरी, सोनी, ढवळी आणि तांबडी या राहुरीजवळच्या माझ्या माहेरच्या गाई. ठकी आमची नव्हे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच सर्व्हरमध्ये एक चूक राहिली होती. आमचा एक क्लायंट दूध संघ आहे. त्यांच्याकडे जनावरांच्या दोन याद्या असतात. एकीत सगळी जनावरं, दुसरीत लस टोचलेल्यांच्या तारखा. दोन्ही जोडून एक यादी निघते. जनावर, आणि पुढे तारीख. टोचलंच नसेल तर तारीख रिकामी, पण जनावर यादीत राहिलंच पाहिजे. त्या वेळी रिकाम्या तारखेची जनावरंच गळत होती. संघाचे सुपरवायझर थोरात, घोडेगावचे, यादी घेऊन गावोगाव फिरले. कौसाबाई नावाच्या बाईंची कालवड यादीत नव्हती, म्हणून टोचायची राहिली. पुढे गावात लाळ्या खुरकूत आली आणि कालवड गेली. थोरातांनी फोनवर मला विचारलं होतं, "म्याडम, बाई म्हनती माझ्या ठकीचं नाव का न्हाई? काय सांगू तिला?" चूक दुरुस्त झाल्यावर मी टेस्ट लिहिली आणि पाचव्या ओळीत ठकीचं नाव घातलं, तारीख रिकामी.

आता सर्व्हर वेगवान करायच्या नादात सलीमने नेमकं तेच पुन्हा बिघडवलं होतं. टेस्टने ओरडून सांगितलंही होतं. आम्हीच तिचं तोंड दाबलं आणि वर भेळ खाल्ली! मला रडू यायचं बाकी होतं. सलीमला ओळ दाखवली. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने वाद घातला नाही.

मॅनेजर निंबाळकर सरांनी मात्र घातला.

"मॅडम, बाकी सगळ्या टेस्ट पास आहेत. एका ओळीसाठी रिलीज थांबवायचा?"

"पास झालेल्या नाहीत सर, करून घेतल्यात."

"सोमवारी संघाची लसीकरण मोहीम आहे. नवीन व्हर्जन त्याआधी द्यायचं कबूल केलंय."

"लसीकरण आहे म्हणूनच थांबवा. नेमकी तीच यादी चुकणार आहे."

"नोन इश्यू म्हणून लिहून टाका. पुढच्या पॅचमध्ये बघू."

नोन इश्यू म्हणजे आम्हाला माहीत असलेली चूक. माहीत आहे आणि तरी देतोय, असं कागदावर लिहायचं आणि हात झटकायचे. मी टेस्टच्या रिपोर्टवर सही करणार नाही म्हणाले. सर म्हणाले, "ठीक आहे, मी करतो."

टेस्टरने क्लायंटला परस्पर फोन करायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी सरांच्या समोरच थोरातांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"थोरात भाऊ, सोमवारच्या यादीत टोचलेली जनावरं सगळी बरोबर येतील. न टोचलेली मात्र येणार नाहीत. चालेल का?"

"थट्टा करताय का म्याडम? टोचलेल्याची यादी घिऊन मी काय करू? मला न टोचलेलं जनावर पायजे! मागल्या टायमाला कौसाबाईच्या दारात मीच हुभा हुतो, तुमी नव्हता. आता पुन्यांदा मी न्हाई जानार."

"मग काय करायचं?"

"नवीन कशाला पायजे? जुनं चाललंय की बरं."

सरांनी पेन खाली ठेवलं.

सोमवारी मोहीम जुन्याच व्हर्जनवर सुरू झाली. कोणाचं काहीही अडलं नाही. म्हणजे ज्या सोमवारसाठी आम्ही जिवाचा आटापिटा करत होतो, तो सोमवार आमच्यावाचून आरामात पार पडला. सलीमने दोन दिवसांत दुरुस्ती केली. एक अट चुकीच्या जागी पडली होती, अर्धी ओळ फक्त. नवीन व्हर्जन बुधवारी गेलं. त्यासोबत सरांनी वरच्यांना पाठवलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'टेस्टिंग टीममुळे किरकोळ उशीर.' तो मेल मी अजून ठेवलाय. वाचला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो.

आठवड्याने थोरातांचा फोन आला. यादीत कौसाबाईंची नवी कालवड होती, तारीख रिकामी.

"नाव काय ठेवलंय तिचं?" मी विचारलं.

"नाव न्हाई इचारलं म्याडम. कानातल्या बिल्ल्याचा नंबर बघितला, टोचलं आन् निघालो."

बरोबरच केलं त्यांनी. यादीचं काम तेवढंच.

आता आमच्याकडे अपेक्षित उत्तर बदलायचं तर कारण आणि स्वतःचं नाव लिहावं लागतं. हा नियम सलीमनेच सुचवला. पण नियम कितपत टिकतात हे मी वीस वर्षं बघतेय, म्हणून ठकीच्या टेस्टच्या डोक्यावर मी माझ्यापुरती एक सूचना लिहून ठेवली आहे. 'पाचवी ओळ काढायची असेल तर आधी थोरातांना फोन करून विचारा.' खाली त्यांचा नंबर दिला आहे. अजून तरी कोणी फोन केलेला नाही.