शुक्रवारचा रविवार

तेव्हा कतारमध्ये, दोह्यात, आमचं चर्च नव्हतं आणि सुट्टी शुक्रवारी. म्हणून आम्ही वसईकर रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, शुक्रवारीच करायचो, एका भाड्याच्या व्हिलात. तिथे एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन प्रत्येक खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसायचे. पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होते, एवढंच ठाऊक. नाव मी कधी विचारलं नाही.

लेकीच्या फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याला, सासूबाई खास वसईहून आल्या आणि व्हिलाच्या पायरीवरच बसून राहिल्या.

"शुक्रवारी कसला रविवार? देवाला फसवता? मी नाही आत येणार."

पांढऱ्या फ्रॉकमधली लेक रडकुंडीला आली. माझं तर डोकंच फिरलं.

म्हातारे रुमाल झटकत सासूबाईंच्या शेजारी येऊन बसले.

"बाय, पृथ्वीला फेरी मारून पहिलं जहाज युरोपात परतत होतं ना, तेव्हा खलाशांना कळलं की आपला एक दिवस मागे पडलाय. उपासाच्या शुक्रवारला गुरुवार समजून मांस खाल्लं, सोमवारला रविवार समजून प्रार्थना केली. तेही आपल्यासारखे कॅथलिकच."

"अरे देवा! मग?"

"मग काय? वार चुकला, पण देवाने त्यांना घर चुकू दिलं नाही."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या.

दुपारी मी त्यांच्यापुढे वरणभात ठेवला. शुक्रवारी त्या जन्मात मांसाला शिवल्या नव्हत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"चिकन कुठंय? आज रविवार ना?"