डॉटची पहिली श्रोती

गेल्या महिन्यात डॉटच्या मुलीचा फोन आला. "मम् झोपेतच गेली," एवढंच ती बोलू शकली. आई समोर मेथी निवडत बसली होती. माझा चेहरा पाहूनच तिला कळलं असावं. जुडी तशीच पेपरात गुंडाळून तिने बाजूला ठेवली...

डॉट ही इथली, परदेशातल्या आमच्या गुंगालिन उपनगरातली शेजारीण. मूळची इंग्लंडची, मुलांसाठी गोष्टी आणि कविता लिहिणारी. बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून इकडे आणलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात तिने परतायला बॅग भरली. "इथे मी कुणाच्या काय कामाची?" ती म्हणाली. मी दिवसभर ऑफिसात, नात शाळेत, आणि घरी आल्यावर ती बोलणार इंग्रजीत.

अशात एका दुपारी डॉट आमचा डबा परत करायला आली आणि खिशातला कागद काढून माझ्या लेकीला नवी कविता वाचून दाखवू लागली. बेडूक छत्री विकत घेतो, असलं काहीतरी होतं. शेजारी मेथी निवडणाऱ्या आईचा हात एका ओळीवर थांबला. डॉटने ती ओळ पुन्हा वाचली. हात पुन्हा थांबला. डॉटने तिथल्या तिथे ओळ खोडली! आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जन्मभर भजनी मंडळात टाळ वाजवलेली बाई ती. ताल चुकला की तिला खटकायचंच.

मग दर गुरुवारी डॉट हजर. "अर्थ कळणारे लोक माझे लाड करतात," ती मला म्हणायची, "आई नाही करत." आमचं ऐकून तीही आईच म्हणायची, आणि आई हसायची, "अगं, माझ्याहून थोरली आहे ही बया!" संपादकांना न जुमानणारी डॉट आईच्या हातापुढे मात्र अगदी गरीब गाय. गुरुवारी आई ठेवणीतली साडी नेसू लागली. भरलेली बॅग कधी रिकामी झाली, मला कळलंही नाही. "तुझ्यामुळे माझी आई इथे राहिली," असं एकदा डॉटला म्हणाले, तर म्हणते, "नॉन्सेन्स! मला फुकटात एडिटर मिळाली." तिचे उपकार मी कशी विसरेन...

परवाच्या गुरुवारी आईने पुन्हा मेथी घेतली आणि समोर डॉटची खुर्ची ओढली. डॉटची शेवटची, अर्धीच राहिलेली कविता तिच्या मुलीने आम्हाला दिली होती. माझी लेक ती वाचू लागली. मध्येच आईचा हात थांबला.

"आजी, इज इट राँग?" लेकीने पेन्सिल उचलली.

आई खुर्चीकडे बघत राहिली. "असू दे गं," ती म्हणाली, "अडखळू दे. तिची आहे ती ओळ."

आणि तिने पुढची काडी हातात घेतली.