एकशे नव्व्याण्णव गेले, एक मरेना

रायपुरातल्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात बोलवा अशी, की शेजारची मंजिरीदीदी नवा रायपुरात अमर व्हायची गोळी बनवते आणि पहिली गोळी तिनं स्वतःच गिळली. म्हणून तर चौतिशीतही कॉलेजातली पोट्टी दिसते! रेल्वेतून निवृत्त झालेले नाना तिला फाटकातच गाठत. "काहून वं, मले काहून नाही देऊन राहिली? अठ्ठ्याहत्तरचा झालो ना मी! अजून कशाची वाट पाहून राहिली?"

गोळीबिळी काही नाही. पीएचडी झाल्यापासून तीन वर्षं ती तिथल्या प्रयोगशाळेत किडे पाहते. स्वल्पविरामाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे. तीनेक आठवड्यांत जन्मतात, म्हातारे होतात, मरतात. ऐन तारुण्यात त्यांना तासभर उष्णतेचा चटका द्यायचा. पेशीतली प्रथिनं दुधासारखी नासू लागतात, पेशी आतल्या आत हाकाटी करते, डागडुजीवाले धावून येतात. आणि चटका सोसलेला किडा पुढे जास्तच जगतो! खरंच जगतो का आणि काहून, हेच तिला शोधायचं.

"मंग आपण रायपुरवाले त हजार वर्षं जगाले पायजे," नाना म्हणाले. "मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री!"

"थोडासाच चटका, नाना. जास्त झाला की खेळ खलास."

किडा मेला हे ठरवायची रीत आहे. केसासारख्या बारीक तारेनं तीनदा हलकेच शिवायचं. हलला नाही तरच मेला म्हणायचा. मागच्या वर्षी तिनं दोनशे किडे असे मोजले. चटकेवाले पाच दिवस जास्त जगले. तिच्या दिवाकर सरांनी पेढे वाटले. मग एका दुपारी ती प्रयोगाचा व्हिडिओ पाहत बसली आणि गारच पडली. साध्या किड्यांना तिचा हात तीनदा शिवत होता, चटकेवाल्यांना चारदा, म्हणजे जिवंत ठरायची एक संधी जादा. "ऊठ ना रे बाबा," म्हणत असल्यासारखा! कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं सरांना सांगितलं, सगळे आकडे रद्द केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

यंदा सोबतच्या अश्विननं प्लेटांवर नुसते नंबर टाकले. चटक्याच्या कुठल्या, ती यादी लिफाफ्यात बंद केली आणि बहिणीच्या लग्नासाठी दुर्गला जाताना लिफाफा तिच्याच हाती दिला. तिनं तो घरी फ्रिजवर ठेवला, पापडाच्या डब्याखाली. शेवटचा किडा मरेपर्यंत फोडायचा नाही, म्हणजे हाताला कळणारच नाही कोण कुठला. फेलोशिप वाढवायचा अर्ज शुक्रवारी पाचच्या आत जायला हवा होता. निकालाशिवाय अर्ज म्हणजे मार्चनंतर नोकरी बहुधा गेलीच, आणि किडेही.

गुरुवारपर्यंत एकशे नव्व्याण्णव गेले. एक काही मरेना.

सरांचा फोन आला, नाकातून: "अरे मंजिरीऽ, अब खोल भी दो! एक कीड़े से क्या फर्क पड़ता है?"

"मेरे हाथ को पड़ता है, सर."

मी तिच्या शेजारीच बसले होते. म्हटलं, "पैज लाव दीदी. उद्या पाचच्या आत तू लिफाफा फोडतेस."

"हव. हरलीस तर पोटभर गुपचुप." गुपचुप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी.

शुक्रवारी मी तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. सूक्ष्मदर्शकात तिनं मलाही पाहू दिलं. तार एकदा शिवली. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. तिचा हात तसूभरही रेंगाळला नाही. तिसऱ्यांदा, आणि त्या एकतीस दिवसांच्या म्हाताऱ्यानं डोकं सावकाश उचललं, इकडून तिकडे फिरवलं. दीदीनं वहीत लिहिलं, "जिवंत."

पाचला दहा कमी असताना तिनं अर्जात निकालाच्या रकान्यात तीन शब्द टाइप केले: प्रयोग सुरू आहे. आणि पाठवून दिला.

परतताना तेलीबांध्याच्या तलावाकाठी ती ठेल्यापुढे उभी राहिली, ओढणी खोचून. "भैया, तीखा डालना." बारा झाले, तेरा झाले. सतराव्याला तिनं पानांचा दोना पुन्हा पुढे केला आणि मी ठेलेवाल्याला म्हटलं, "और दो, भैया. मैं हारी हूँ."