रंगपटातला शब्द

तोंडवलीच्या विश्वेशने एका मोफत संगणकप्रणालीतला, संगणक सुरू करणारा भाग आठ वर्षं बिनपगारी सांभाळला. बटण दाबताच एकेक काम रांगेने जागं होई, दशावतारात आधी गणपती, मग सरस्वती यावी तसं. २०१० साली प्रणालीवर काम करणारी नवी मंडळी म्हणाली, "सगळ्या कामांना एकदम उठवा, वेळ वाचेल." वाद पेटला, शेवटी मतदान ठरलं.

"दादा, मी तुझ्याच बाजून आसय," यतीन फोनवर म्हणाला. हे काम त्याला विश्वेशनेच शिकवलं होतं. जाहीर मतदानात मात्र यतीनचं मत नव्यांना पडलं.

विश्वेशने फोन लावला. "असां कित्याक केलंस रे?"

"दादा, तुझां आता जुनां झालां."

"मगे तां रंगपटात, पडद्यामागे सांगूचां. भर नाटकात माका एकटो पाडलंस!"

संध्याकाळी त्याने सगळं काम नव्यांच्या हवाली केलं. यतीनचा फोन येत राहिला, विश्वेशने तो उचलला नाही.