साखरेवर टमरेलाचा उतारा

"तुम्हाला डायबेटिस आहे," जालन्याचे डॉक्टर म्हणाले, आणि रिपोर्टवरून नजर न उचलता विचारले, "शाळा घरापासून किती लांब?"

मला वाटले, माणूस गप्पिष्ट दिसतो. म्हणालो, "हाकेच्या अंतरावर."

"जाता कसे?"

"स्कूटरवर."

तेव्हा त्यांनी वर पाहिले.

डायबेटिस म्हणजे मधुमेह, हे मला कुणी समजावून सांगायला नको होते. थोरल्या भावाचा, दादाचा, डावा पाय त्यानेच गेला. दादा आमच्याकडेच राहतो आणि त्याच्या कुबड्या ओट्यावर माझ्या स्कूटरशेजारी टेकलेल्या असतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केले आणि रोज सकाळी तासभर भरभर चालायला सांगितले. तीन महिन्यांनी एचबीए-वन-सी करायची होती. या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. आकडा उतरला नाही तर इन्शुलिन, म्हणजे रोजची सुई. त्यापुढचे ओट्यावर दिसतच होते.

ज्यांना नव्याने साखर निघाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काय खावे, काय खाऊ नये, हे कोणीही सांगेल. चालायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमच्या टेंभुर्णीत चालणाऱ्याला कारण लागते. शेताला जाणारा चालतो, मयतीला जाणारा चालतो. दारात स्कूटर असून चालणारा मास्तर दिसला की लोक काळजीत पडतात. पहिल्याच सकाळी जुना विद्यार्थी भगवान मागून मोटारसायकलवर आला.

"सर, बसा."

"नको रे, चालायचंय."

"चालायचं? मी गाडीवर आन् तुम्ही पायी? गाव शेण घालंल माझ्या तोंडात. बसा जल्दी."

बसलो. जिथवर चालत जायचे ठरवले होते तिथवर त्याने नेऊन सोडले. परत येताना दुसऱ्याने आणले. एकदा मी नाही म्हणालो, तर बौद्धवाड्यातल्या एका पालकांनी गाडी बंद करून शांतपणे विचारले, "आमची गाडी चालत न्हाई का, सर?" या प्रश्नाला एकच उत्तर असते. मी मागे बसलो.

खरे कारण सांगून मोकळे व्हावे, तर घरात मनाई होती.

"दुकानात विचारून राह्यले, सरांनी स्कूटर विकली का म्हणून," बायको म्हणाली.

"साखर निघाली म्हणून सांग."

"सांगते की. मंग पोरीला स्थळ तुम्ही आणा. भाऊजींना साखर, बापाला साखर, म्हणजे पोरीलाही होणार, असंच म्हणतील लोक."

असे बरेच दिवस मी नेमाने फिरायला निघत होतो आणि नेमाने गाडीवरून परत येत होतो. वजन वाढले.

मग एका सकाळी लक्षात आले की हातात टमरेल घेऊन शिवाराकडे निघालेल्या माणसाजवळ कोणी गाडी थांबवत नाही. उलट गाडीवाला दुसरीकडे पाहतो. आमच्या घरी पक्का संडास होता, पण टमरेलही होते. दुसऱ्या दिवशी ते भरून निघालो. भगवान आला, त्याने टमरेल पाहिले, लगेच आभाळाकडे पाहिले आणि निघून गेला. मी तासभर चाललो. टमरेलातले पाणी परतीच्या वळणावर लिंबाच्या एका रोपाला घातले. पुढे हाच नेम झाला.

तेवढ्यात गावात स्वच्छता अभियान आले. कमानी लागल्या, भाषणे झाली, आणि उघड्यावर जाणाऱ्यांना पहाटे गाठून, गुलाब देऊन लाजवणारे गुड मॉर्निंग पथक निघाले. त्याने मला वळणावर गाठले. जीपमध्ये तालुक्याचे साहेब बसले होते, हातात गुलाब घेऊन ग्रामसेवक पुढे उभा होता आणि मागे गावातले अस्सल टमरेलवाले गंमत बघत होते.

"सर, तुम्ही?" ग्रामसेवक म्हणाला. "तुमचा संडास तर मी मीटिंगमध्ये उदाहरण म्हणून सांगतो!"

घरी संडास असून बाहेर जाणारा मास्तर ठरायचे, की पोरीच्या स्थळावर पाणी सोडायचे, एवढेच ठरवायचे होते. दादाच्या कुबड्या डोळ्यांपुढे आल्या.

"मला साखर निघाली आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. "चालायला आलोय. टमरेल नसलं तर तुम्ही लोक चालू देत नाही."

कोणी हसले नाही. गुलाब देताना ग्रामसेवक कानाशी आला. "किती निघाली, सर? मलाबी हाये. घरी सांगितलं न्हाई अजून."

साहेब जीपमधून म्हणाले, "बसा सर, घरी सोडतो."

त्या दिवशी मी जीपला नाही म्हणालो, आणि कोणाला राग आला नाही.

दुपारपर्यंत गावभर झाले. बायको दोन दिवस बोलली नाही. मंठ्याहून मुलीला बघायला येणारे पाहुणे आले नाहीत; साखरेमुळे की टमरेलामुळे, ते त्यांनी कळवले नाही. एचबीए-वन-सीचा आकडा मात्र उतरला. सुई टळली. "सवय लावलीत कशी?" डॉक्टरांनी विचारले. मी म्हणालो, "गावाने मदत केली." ते खोटे नव्हते. आता भगवान गाडी हळू करतो, "चालू द्या, सर," म्हणतो आणि जातो.

आपल्या भल्याचे लोकांना कळत नाही, असे सभेत म्हणतात. कळते. पण चारचौघांत वेगळे दिसायचे जिवावर येते. म्हणून गोळी सुरू कराल त्याच दिवशी गावालाही सांगून टाका. त्यात माझे सुरुवातीचे कितीतरी दिवस वाचले असते.

सकाळी निघताना दादा ओट्यावर बसलेला असतो. मी चपला घालून वळणाआड होईपर्यंत तो माझ्या पायांकडे पाहत राहतो. पावसापाण्याचे कधी कंटाळून मी स्कूटरची किल्ली उचलली, तर म्हणतो, "ठेव ती."

मी ठेवतो.