दोन पाट्या आणि आमच्या बाई

बाईंनी मला वर्गात बसवलं, म्हणून मी बसले. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

कुणाचंही भांडण ऐकताना त्या चष्मा काढून ठेवायच्या. "आधी समोरच्याचं सांग. तो 'हो, हेच' म्हणाला की मग तुझं." तुम्हीही अशा शिक्षिका पाहिल्या असतील, ज्यांना आवाज चढवावाच लागत नाही.

मी गोंदियाकडची, नववीत शाळा सुटलेली. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या करते. बाई तिथून डबा न्यायच्या. एकदा मला दोन मुलींचं भांडण सोडवताना त्यांनी पाहिलं.

"हेच मी कॉलेजात शिकवते. पगार घेऊन. ये."

"मॅडम, माझं शिक्षण..."

"ते मी विचारलं का? आणि मॅडम नको, बाई म्हण."

प्राचार्यांना काय सांगितलं कोण जाणे, शांतता आणि संघर्ष निवारणाच्या वर्गात मला जागा मिळाली. बाकी सगळे पदवीवाले. मी मागच्या बाकावर, तोंड उघडायची धास्ती. शेवटची परीक्षा म्हणजे एक खरं भांडण वर्गात आणून मिटवायचं. त्यात नापास झाले असते, तर पुन्हा कुठल्याच वर्गाची पायरी चढले नसते.

मी आमच्या मेसच्या दारातलंच भांडण घेतलं. मेस वरच्या मजल्यावर, जेवायला येणाऱ्यांच्या गाड्या खाली दारात. तळमजल्यावरच्या काकांनी पाटी लावलेली: 'जेवायला वर जा. गाडीही बरोबर न्या.' त्यावर मेसवाल्या काकूंची: 'वर जेवण मिळते. खाली सल्ले.'

दोघं वर्गात आली, पण एकमेकांकडे बघेनात. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले. कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी नुसता चष्मा काढला.

मी दोघांपुढे एकेक कोरी पाटी ठेवली. "काका, काकूंची पाटी तुम्ही लिहा. काकू, तुम्ही काकांची."

"हा काय पोरखेळ," काका म्हणाले. पण लिहिलं: 'गाड्या रांगेत लावा. वर पोळ्या गरम आहेत.'

काकूंना वेळ लागला. 'इथून आमच्या घरच्या आजींची व्हीलचेअर जाते. वाट मोकळी ठेवा.'

काका बराच वेळ वाचत राहिले. "अक्षर बरं आहे तुमचं," एवढंच बोलले. दोन्ही पाट्या स्वतःच घेऊन गेले आणि दारात शेजारी शेजारी लावल्या. मी पास झाले. वर्गात टाळ्या वाजल्या. मी घरी फोन लावला आणि आईशी बोलताना रडत रडत हसले.

त्या संध्याकाळी बाईंना पेढा दिला. अर्धा खाऊन म्हणाल्या, "माझा सख्खा भाऊ खराडीला राहतो. कित्येक वर्षं बोलणं नाही. मला नाही गं जमलं."

आता त्या निवृत्त होऊन नाशिकला बहिणीकडे असतात. डबा न्यायला कुणी येत नाही.

बाई, एक दिवस मी खराडीला जाईन, तुमच्या भावाचं सगळं ऐकून घेईन. मग तुम्हाला न्यायला नाशिकला येईन. मधली खुर्ची माझी.