गुलाबी चेनचा कुर्ता

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! इस्त्री करताना जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पेडण्यातली ती सकाळ आठवली. मोपाच्या विमानतळावर माझी पहिली मुलाखत होती. नव्या कुर्त्याला मागे फॅन्सी गुलाबी चेन, प्लास्टिकचे मोठेमोठे दात, रनरला लटकलेलं फूल. आई पहाटेच काजूच्या बागेत राबून आलेली, हातांना बोंडूंचा वास, डोळ्यांवर झोप. बाबांच्या पँटच्या पितळी चेनवर फिरवते तशीच गरम इस्त्री तिने या प्लास्टिकच्या चेनवरही फिरवली. वरचे दात वितळून वाकडे झाले, रनर अर्ध्यावरून वर सरकेना. दुसरा धड कुर्ता नव्हता आणि बसची वेळ झालेली. "उभी रव गो, हलू नको, सुई टोचात," म्हणत तिने मला कुर्त्यातच शिवून टाकलं. "आता काम मिळाल्याशिवाय सुटका नाय!" काम मिळालं! संध्याकाळी धावत सांगायला आले, तर आई भिंतीला टेकून गाढ झोपलेली. पाठीवरचे टाके उसवायला तीच हवी होती, पण तिला उठवायचं जीवावर आलं. घामेजलेल्या कुर्त्यात तशीच शेजारी बसून राहिले. आज इस्त्री बंद करूनही तेच आठवत बसलेय. मोठी बातमी पोटात ठेवून तुम्ही कधी असं कुणाच्या उठण्याची वाट बघितलीय?